न्हाणीत मुंग्या हायत का?

माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की आधी काय विचारतो? कसे आहात, विचारतो. गुडघे काय म्हणतात, विचारतो. सोलापुरात असेल तर ऊन लई झालंय म्हणतो आणि पाणी मागतो. आमचे शेजारी आप्पा दारात चप्पल काढता काढता विचारतात, "न्हाणीत मुंग्या हायत का?"

मला त्यांची सवय झाली होती. नव्या माणसांचे मात्र हाल व्हायचे. समोरच्या बंगल्यात नवं बिऱ्हाड आलं, त्यांची वास्तुशांत होती. आप्पा नारळ घेऊन गेले. घरमालक कौतुकाने हॉल दाखवत होते, देवघर दाखवत होते. आप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. न्हाणी कुटं हाय?" त्या बिचाऱ्यांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, घाई झाली असेल. त्यांनी लगबगीने दिवा लावला, हातात टॉवेल दिला आणि बाहेरून दार ओढून घेतलं. आप्पा आत उकिडवे बसून कोपरान् कोपरा बघत राहिले. बाहेर हात धुवायला पाहुण्यांची रांग लागली. शेवटी आप्पा बाहेर आले, टॉवेल कोरडाच्या कोरडा परत दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "झ्याक हाय. एक बी न्हाय." घरमालकांचे सासरे हळूच माझ्या कानाशी आले. "हे महापालिकेत होते का हो?"

महापालिकेत कसले? आप्पांचं गुळाचं दुकान होतं. वडिलांच्या वेळेपासूनचं, साखर पेठेत. हयात गुळाच्या ढेपांमध्ये गेली, म्हणजे मुंग्यांमध्येच गेली म्हणा. पुढे दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि नवरा-बायको आमच्या कॉलनीत विजापूर रोडला राहायला आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळाला भस्माची तीन बोटं, आणि चालताना नजर खाली. नवीन माणसाला वाटावं, काय विनयशील गृहस्थ आहे. विनय नव्हे. मुंग्या बघत चालतात.

त्यांच्या बायकोचं नाव महादेवी. अक्कलकोटच्या बाजूच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मला कानडीतले दोनच शब्द येतात आणि ते महादेवीअक्कांचे आहेत. कुणीही फाटकापाशी दिसलं की त्या आतूनच हाक द्यायच्या, "बर्री, कूड्री." या, बसा. दूधवाला असो, नाहीतर मतं मागायला आलेला असो, बर्री, कूड्री. त्या गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. साखरेच्या दुखण्याने गेल्या एवढंच आम्हाला माहीत होतं. आप्पांचं मुंग्यांचं वेड त्यानंतर वाढलं. एकट्या माणसाला काहीतरी नाद लागतो, तसा हा लागला, असं आम्ही आपसात म्हणायचो आणि विषय संपवायचो.

आप्पांच्या लेखी मुंगी म्हणजे गिऱ्हाईक. "आधी एकटी येती, वैनी. भाव काढून जाती. माल पसंत पडला की समदं गाव घेऊन येती." मी ओट्यावर दिसलेली मुंगी चिरडली की ते कळवळायचे. मुंगीसाठी नव्हे, माझ्या अकलेसाठी. "तुमी मुंगी पुसली. तिनं रस्ता आखलाय त्यो कुटं पुसला? साबणाच्या पाण्यानं वाट धुवा की." सुनेने बाजारातून फवारा आणला तर म्हणाले, "मारा, मारा. आज एक बिऱ्हाड हाय, उद्या घाबरून चार बिऱ्हाडं थाटतील." शेंगाचटणीला येणारी मुंगी वेगळी आणि गुळाला येणारी वेगळी, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी त्यावर परीक्षा देऊ शकेन. आणि प्रत्येक भाषणाचा शेवट ठरलेला. बोट वर करून, "मुंगी उगाच येत न्हाय, वैनी."

मुंग्यांच्या बाबतीत मीही काही साधीसुधी नव्हते. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी गृहविज्ञान शिकून आलेली विदुषी होते. सासूबाई हळदीची रेघ ओढायच्या, ते मला अडाणीपणाचं वाटायचं. मी जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि शास्त्र म्हणजे काय ते सासरच्यांना दाखवून दिलं. सोलापूरचा उन्हाळा माझ्या पुस्तकात नव्हता. दुपारपर्यंत वाट्या कोरड्या पडायच्या. मग मी वाट्यांत रॉकेल ओतलं. ते उडेना, पण कपाटातल्या कडक भाकरीपासून दह्यापर्यंत सगळ्याला स्टोव्हचा वास. यजमान चहाचा घोट घेऊन कपाकडे बघायचे आणि काडेपेटी लांब सरकवायचे. एवढं करून मुंग्या आत होत्याच, कारण कपाटाला केरसुणी टेकून ठेवणारीही ही विदुषीच. पूल मीच बांधला होता. एकदा यजमानांच्या साहेबांना उपमा दिला. साहेब म्हणाले, "मोहरी जरा सढळ पडली." मी म्हटलं, "आमच्याकडे अशीच घालतात." त्यांनी संपवला. मोहरी ताटाच्या कडेने चालायला लागली तोवर ते हात धुवायला उठले होते, हे माझं नशीब.

तर असा माझा अभ्यास. त्यामुळे आप्पांनी येऊन मला धडे द्यावेत, याचा राग यायचा. आणि शेंगापोळीच्या प्रकरणानंतर तर मी त्यांच्यावर डूख धरला.

झालं असं की, माझी सून अश्विनी आरोग्याच्या बाबतीत फार कडक. मोबाइलवर काय काय बघते आणि घरातून एकेक पदार्थ हद्दपार करते. साखर कमी, तेल कमी, मैदा बंद. सोलापुरात राहून शेंगापोळी बंद म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. मी कुठे वाद घालते? मी आपली बाजारातून येताना चार पोळ्या आणायचे आणि कपाटात शालूच्या घडीत ठेवायचे. दुपारी घर झोपलं की एक. शालूला गुळाचा वास यायचा, पण या वयात शालू नेसायला सांगतंय कोण?

एक दिवस अश्विनीला स्वयंपाकघरात रांग दिसली. तिने आप्पांना बोलावलं. मी झोपाळ्यावर पेपर वाचत होते. बघते तर आप्पा गुडघ्यांवर रांगताहेत, मागे अश्विनी मोबाइलचा दिवा धरून, आणि वरात स्वयंपाकघरातून निघून पॅसेजमधून माझ्या खोलीकडे चालली आहे.

"आप्पा, तिकडे काही नाही," मी म्हटलं.

"तुमाला न्हाय वाटत, वैनी. त्यांना वाटतंय की."

रांग कपाटाच्या फटीतून आत शिरत होती. अश्विनीने कपाट उघडलं, शालू उचलला. घडीतून पोळी घसरून आप्पांच्या पुढ्यात पडली. आप्पांनी ती हातात घेऊन हुंगली. "गूळ बरा हाय," ते म्हणाले. "मातूर शेंगा जुन्या. कुटनं घेतल्या?"

अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. "आई, शालूत?"

त्या दिवसापासून माझ्या कपाटाची झडती सुरू झाली. आणि आप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. "न्हाणीत मुंग्या हायत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "असल्या तरी तुम्हाला सांगणार नाही."

उन्हाळा चढला. आमच्याकडे उन्हाळा चढतो म्हणजे माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. मला तहान लागायची. सोलापुरात तहान कुणाला लागत नाही? पाणी प्यायलं की वारंवार उठावं लागायचं. त्यात काय नवल? ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तर मी खूश होते. अश्विनी म्हणाली, बघा, गोड बंद केल्याचा परिणाम. मी मान डोलावली. ते पूर्ण बंद झालेलं नाही, हे तिला सांगायची काही गरज नव्हती. शालूऐवजी आता शिवणयंत्राचा ड्रॉवर होता आणि त्याभोवती मी साबणाचं पाणी फिरवत होते. आप्पांची विद्या वाया जाऊ देऊ नये.

एका सकाळी आप्पा आले. अश्विनी ऑफिसला निघाली होती. सॅन्डलचा पट्टा लावता लावता ती सहज म्हणाली, "आप्पा, स्वयंपाकघरातल्या गेल्या बरं का. आता आईंच्या बाथरूममध्ये येतात. तिथे काय गोड मिळतं कुणास ठाऊक." ती हसली.

आप्पा हसले नाहीत. "कवापासनं?"

"झाले बरेच दिवस. मी पाणी मारते, परत येतात."

आप्पा न विचारता आत गेले. मी मागोमाग. माझ्या न्हाणीत परका पुरुष उकिडवा बसलाय आणि फरशी बघतोय, हे दृश्य मला या वयात बघायचं होतं. तोंडाने मी बडबडत होते. "उन्हाळा आहे, पाण्याला येत असतील."

"पाण्याला येणारी नळाखाली थांबती," आप्पा म्हणाले. "ह्या नळाकडं बघत बी न्हाईत. ह्यांची गर्दी तितं हाय." त्यांनी जिथे बोट दाखवलं, ती जागा मी इथे लिहिणार नाही. "ही न्हाणी कोण कोण वापरतं?"

"मी एकटी. का?"

ते उठले. गुडघ्यांचा आवाज झाला. "वैनी, उद्या उपाशीपोटी जावा आन साखर तपासून घ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला आयुष्यात कसला आजार म्हणून नाही. बाळंतपणं सोडली तर दवाखान्याची पायरी चढले नाही. आणि हा गूळवाला माझ्या न्हाणीत उभा राहून, माझ्या सुनेदेखत, मला काय सांगतो? पुढचं चित्रही मला लख्ख दिसत होतं. तपासणी, गोळ्या, कारल्याचा रस, आणि शिवणयंत्राच्या ड्रॉवरला कुलूप.

"आप्पा," मी म्हटलं, "आजपासून या घरात मुंग्यांचं नाव काढायचं नाही. आणि न्हाणीत तर पाऊल टाकायचं नाही. लाज वाटते का काही?"

"तपासून घ्या," ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

अश्विनीने लावून धरलं, पण मीही खमकी आहे. आज एकादशी आहे, आज तांबे मावशी येणार आहेत, आज फार ऊन आहे. रोज एक कारण. आप्पा मात्र घरात यायचे बंद झाले आणि बाहेर दिसायला लागले. आमच्या फाटकासमोर कट्टा आहे. सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले की आप्पा कट्ट्यावर. हाक नाही, काही नाही. मी बघितलं की नुसतं विचारायचे, "गेलता?"

"नाही."

मग मान हलवायची आणि बसून राहायचं. ऊन अंगावर येईपर्यंत बसून राहायचं. येणारे-जाणारे विचारायला लागले, आप्पा रुसलेत का? दूधवाल्याने तर मला सांगितलं, "आज्जी, मिटवून घ्या की." मिटवून काय घ्या? कॉलनीभर असा देखावा झाला की जणू मी कुणाचं घर बळकावलंय आणि म्हातारा उपोषणाला बसलाय.

शेवटी एक दिवस मी तांब्या खाली आपटला आणि फाटक उघडून बाहेर गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. "आप्पा, तुमचं काय चाललंय? साखर माझी, न्हाणी माझी. तुम्हाला काय करायचंय?"

आप्पा फरशीकडे बघत होते. कट्ट्याच्या कडेने एक मुंगळा चालला होता. त्याला वाट द्यायला त्यांनी हात उचलून घेतला.

"दुकानात ढेपंला एक मुंगी लागली तर मला गादीवर बसून कळायचं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. घरात, आमच्या न्हाणीत, रोज रांग लागत हुती. मी दुकानातली पावडर आणून रोज मारत हुतो. हिला म्हणायचो, खोबरेल सांडतीस, साबण उघडा टाकतीस. ती म्हणायची, व्हय, सांडलं असंल. तहान लागायची तिला. मी म्हणायचो, सोलापूर हाय, लागणारच."

मी कट्ट्यावर बसले.

"पायाला ठेच लागली. जखम भरंना, म्हणून नेलं. डॉक्टरनं इचारलं, इतकी साखर वाढली, घरात कुणाच्याच ध्यानात न्हाय आलं?" आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी काय सांगणार, वैनी? मुंग्यांच्या आलं हुतं."

वास्तुशांतीतला तो कोरडा टॉवेल मला आठवला. सगळ्या कॉलनीच्या न्हाण्या आठवल्या, ज्यांत हा माणूस उकिडवा बसला होता आणि "एक बी न्हाय" म्हणत खुशीत बाहेर आला होता. आम्ही पाठीमागे हसत होतो.

"उद्या जाते," मी म्हटलं.

"उपाशीपोटी," आप्पा म्हणाले.

गेले. साखर निघाली, आणि चांगली ठसठशीत निघाली. डॉक्टर म्हणजे माझ्या नातवाच्या वयाची मुलगी. कागद बघून म्हणाली, "आज्जी, बऱ्या वेळेत आलात. कुणी पाठवलं?" मी म्हटलं, मुंग्यांनी. ती हसली, तिला वाटलं आज्जी विनोदी आहेत. अश्विनी मात्र तिथेच खुर्चीत बसून रडली. मग घरी येऊन तिने शिवणयंत्राचा ड्रॉवर रिकामा केला. म्हणजे तिला ठाऊक होतं तर.

गोळ्या सुरू झाल्या. कारलं सुरू झालं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. आप्पा पुन्हा घरात यायला लागले. रोज न्हाणीच्या दारात उभे राहायचे, आत न शिरता वाकून बघायचे. आधी रांग विरळ झाली, मग चुकार एखादी राहिली, मग तीही गेली. ज्या दिवशी एकही दिसली नाही, त्या दिवशी आप्पांनी भिंतीला हात टेकला. "न्हाईत," ते म्हणाले. चहा न घेताच घरी गेले.

आणि मग यायचेच बंद झाले.

मला आधी वाटलं, सुटले. सकाळ शांत जायला लागली. पेपर सलग वाचून व्हायला लागला. तुळशीला पाणी घालताना कट्टा रिकामा. दोन-चारदा मीच फाटकात रेंगाळले. आप्पा त्यांच्या अंगणात दिसायचे, हात वर करायचे, आत जायचे. अश्विनी म्हणाली, "बोलवा की त्यांना चहाला." पण आप्पा असे बोलावून येणारे नव्हेत. मुंग्या नसतील तिथे जायला त्यांना काही कारणच सापडत नसावं. महादेवीअक्का होत्या तेव्हा लोकच त्यांच्याकडे यायचे. दुसऱ्याच्या घरी नुसतं जाऊन बसायचं कसं, हे या माणसाला कधी शिकावं लागलं नव्हतं.

माझ्या चहातली साखर आता बंद आहे. अश्विनीचं माप पक्कं असतं, पण डबा काही ती मोजत नाही. मी आपली माझ्या वाटची साखर चमचाभर घेतली, न्हाणीपासून लांब, पार बाहेर, फाटकाच्या आतल्या पायरीवर टाकली आणि पेपर घेऊन बसले. मुंग्यांना काय, भाव काढायला वेळ लागत नाही. ऊन पायरीवर येईतो तुळशीपासून फाटकापर्यंत रांग. पुढे काय करायचं? मी अश्विनीला मोठ्याने, पार पलीकडच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काय ग बाई या मुंग्या, कुठून येताहेत काही कळतच नाही."

आप्पा आले. फाटकाबाहेरच वाकले. रांग इकडून बघितली, तिकडून बघितली. साखरेचा एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उन्हात धरला.

"वैनी, ही रांग आपसूक आल्याली न्हाय," ते म्हणाले. "ही कुणीतरी बोलावलीय."

"असेल."

"कशाला पण?"

मी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दुसरी खुर्ची ओढली.

"बर्री," मी म्हटलं. "कूड्री."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग एका हाताने धोतर वर धरलं, रांगेवर पाय पडणार नाही अशी लांब ढांग टाकली, आणि आत येऊन चप्पल काढली.